पन्नाशीनंतर मॅन्युअल गाडी शिकताना पायांचा गोंधळ, चढ, चष्मा आणि आरसे

उशिराची_चालक (धागाकर्ती)

वय ५२. मॅन्युअल गिअरची छोटी पेट्रोल गाडी शिकते आहे. याआधी सायकल सोडून काहीच चालवलेलं नाही. प्रशिक्षक शेजारी असताना बऱ्यापैकी जमतं, घरच्या गाडीवर बसलं की सगळं विस्कटतं. नेमक्या अडचणी अशा:

निघताना गाडी गचका देऊन बंद पडते, आणि मागून हॉर्न वाजला की दुसऱ्यांदा हमखास पडते. चढावर थांबले की मागे घरंगळते. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, त्यातून बाजूचे आरसे धड दिसत नाहीत. मान पूर्ण वळत नाही. डावा गुडघा अर्ध्या तासात दुखायला लागतो. घरच्यांचं म्हणणं, ऑटोमॅटिक घे आणि मोकळी हो.

"सराव करा, जमेल" हे सगळ्यांकडून ऐकून झालंय. सराव नक्की कशाचा आणि कोणत्या क्रमाने करायचा ते कुणी सांगेल का?

---

क्लचप्लेट

ताई, पहिला संशय प्रशिक्षकाच्या पायांवर. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. गाडी बंद पडू नये म्हणून बरेच प्रशिक्षक न सांगता क्लच सांभाळून घेतात. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं, आणि घरच्या गाडीत दुसरा क्लच नसल्यामुळे खरं काय ते कळतं. पुढच्या वेळी स्पष्ट सांगा: "पाय लांब ठेवा, आणि पेडलला हात... म्हणजे पाय लावलात तर मोठ्याने सांगा." घरच्या गाडीत क्लच किती वर आल्यावर पकडतो तेही वेगळं असणार. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, आणि क्लच झिजला की बदलतंही.

आता सीट. गुडघेदुखीचं कारण बऱ्याचदा वयात नाही, सीटमध्ये असतं. गाडी बंद असताना सीट मागे घ्या, क्लच पार तळापर्यंत दाबा आणि मग सीट पुढे आणत जा. क्लच तळाला टेकलेला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट फार मागे आहे, आणि दर वेळी कंबर सरकवून क्लच दाबला जातो. गुडघा स्टिअरिंगखाली अडकत असेल तर फार पुढे. त्यानंतर पाठ: खांदे टेकलेले असताना हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागतेच. उंची कमी असेल तर घट्ट, न सरकणारी उशी घ्या. मऊ उशी ब्रेक मारताना दबते आणि शरीर पुढे घसरतं. चप्पल नको, जाड स्पोर्ट्स सोलचे बूटही नकोत. पातळ, घट्ट तळव्याचे बूट हवेत, म्हणजे पेडलचा दाब पायाला कळतो.

गाडी बंद का पडते ते एकदा समजून घ्या, मग पायाला काय शिकवायचं ते आपोआप कळेल. इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्या फिरतं. चाकं थांबलेली असतात. क्लच दाबलेला असतो तेव्हा दोघांचा संबंध तुटलेला. क्लच सोडत आणला की एका ठिकाणी क्लचची चकती इंजिनच्या फिरत्या चाकाला घासायला लागते. हा झाला बाइट. इथे इंजिनचा आवाज किंचित खाली येतो आणि गाडीला बारीक थरथर येते. या क्षणी चकती घसरत असते, म्हणजे इंजिन वेगाने फिरतंय आणि गाडी हळूहळू वेग घेतेय. दोघांचा वेग जुळायला एक-दोन सेकंद लागतात. नवशिके बाइटपर्यंत छान सावकाश येतात, गाडी हलली रे हलली की "झालं एकदाचं" म्हणून पाय उचलतात. इंजिनला एकदम शेकडो किलोचं उभं वजन ओढावं लागतं, फेऱ्या पडतात आणि गाडी बंद. म्हणजे चूक पहिल्या अर्ध्या भागात नसतेच. बाइट आल्यावर पाय तिथेच गोठवायचा असतो, तो गोठत नाही.

यासाठी सराव: सपाट, रिकामी जागा. अॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. क्लच तळाशी, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवरून उचलून शेजारी तयार. टाच जमिनीवर टेकवून चवड्याने क्लच मिलिमीटर-मिलिमीटर सोडा. गाडी सरकायला लागली की पाय जिथे आहे तिथेच थांबवा, गाडी माणसाच्या चालीइतकी चालू लागेपर्यंत. मग पुन्हा क्लच तळाशी, ब्रेक, थांबा. एवढंच, पुन्हा पुन्हा. आताच्या पेट्रोल गाड्यांत इंजिन स्वतःच थोडं इंधन वाढवून सांभाळून घेतं, त्यामुळे सपाटीवर रेस न देताही गाडी निघते. न पाहता, न विचार करता पाय त्याच जागी थांबायला लागला की मगच रेस आणा: टॅकोमीटरचा (इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा १२०० ते १५०० वर धरायचा, तो हलू द्यायचा नाही, आणि क्लच तसाच.

गचके यायला लागले तर बहुतेकजण अॅक्सिलरेटर सोडतात. त्याने गचके वाढतात, कारण गाडीच्या धक्क्याने पाय पेडलवर वरखाली होत असतो आणि तो धक्का इंजिनला परत मिळतो. गचका आला की एकच काम: क्लच तळाला.

जळका, उग्र वास आला तर दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवा. जास्त रेस देऊन चकती बराच वेळ घासली की असं होतं.

---

मधला_आरसा

चष्म्याचं आणि मानेचं उत्तर एकत्रच देतो, कारण उपाय एकच आहे.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचं पाहण्यासाठी, मधला पट्टा हाताच्या अंतरावरचं आणि खालचा भाग वाचनासाठी असतो. डाव्या-उजव्या कडांना मात्र, विशेषतः मधल्या आणि खालच्या भागात, चित्र वाकडं किंवा धूसर होतं. कितीही भारी काच घेतलीत तरी थोडं राहतंच. नुसते डोळे फिरवून बाजूचा आरसा पाहायला गेलात की नजर नेमकी त्या कडेतून जाते. म्हणून नाक आरशाकडे वळवायचं. हनुवटी अगदी किंचित खाली, म्हणजे काचेचा वरचा भाग वापरला जाईल. काही दिवस अवघडल्यासारखं वाटेल. चष्मा नाकावरून घसरत असेल तर हे सगळं फुकट जातं, आधी तो घट्ट करून घ्या. चष्मेवाल्याला "गाडी चालवायची आहे" असं आवर्जून सांगा. लांबचा भाग रुंद असलेली काच मिळते, किंवा गाडीसाठी वेगळा, फक्त लांबच्या नंबरचा चष्मा करता येतो. पण तो घालून स्पीडोमीटर दिसतो का ते आधी पाहून घ्या.

आतला आरसा सपाट असतो, बाहेरचे बहुधा फुगीर. फुगीर आरशात जास्त परिसर दिसतो, पण गाड्या लहान आणि म्हणून लांब वाटतात. मागची गाडी खरोखर किती जवळ आहे हे ठरवायचं असेल तर आतल्या आरशात पाहा. बाहेरचा फक्त "तिथे कुणी आहे का" एवढ्यासाठी.

आरसे लावताना: आतल्यात मागची काच पूर्ण बसली पाहिजे, स्वतःचं डोकं दिसायला नको. बाहेरच्यात क्षितिज मधोमध आणि आपल्या गाडीची कड अगदी बारीक पट्टीएवढी. नवशिक्यांच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी असते. तिच्यावर नजर ठेवून काय मिळणार?

एवढं करूनही मागच्या कोपऱ्यात एक पट्टा उरतो, तिथे अख्खी दुचाकी मावते. लेन बदलण्याआधी खांद्यावरून बघावंच लागतं. मान वळत नसेल तर मानेवर जोर देऊ नका. पाठ सीटपासून थोडी सोडवा, खांद्यासकट छाती वळवा. निम्मं वळण पाठीतून मिळतं. सीटबेल्ट छातीवरून जातो तिथे आडवा येत नाही ना, हे गाडी उभी असताना करून बघा. आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे मदतीला चांगले आहेत, पण त्यांच्यावर विसंबून खांद्यावरून बघणं सोडू नका.

आणखी एक आंधळी जागा कुणी सांगत नाही: पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. चौकात वळताना पादचारी त्या खांबाआड असतो, आणि आपण वळतो त्याच गतीने तोही चालला तर तो आडच राहतो. वळण्याआधी डोकं थोडं पुढे-मागे करून पाहा.

रात्रीचं ड्रायव्हिंग सध्या बाजूला ठेवा. वाढत्या वयात बाहुली कमी उघडते, समोरच्या दिव्यांनी दिपलेली नजर स्थिर व्हायला जास्त वेळ लागतो. दिव्यांभोवती कडी दिसत असतील तर मोतीबिंदूची तपासणी आधी. पुढची काच *आतून* पुसून घ्या. आतल्या तेलकट थराने जेवढी चकाकी येते तेवढी बाहेरच्या धुळीने येत नाही.

---

हँडब्रेक_वर

चढाचं सांगतो. हाफ क्लचवर (क्लच अर्धवट सोडून, बाइटवर धरून) गाडी चढावर तोलून धरण्याची कसरत अनेकजण कौतुकाने शिकवतात. ती करू नका. चकती त्या संपूर्ण वेळात घासत असते.

थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा. निघताना क्लच तळाशी, पहिला गिअर, रेस सपाटीपेक्षा जास्त: १५०० ते २०००, चढ जितका उभा तितकी वर. आता हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरा, पण दांडा तसाच वर. क्लच सोडत बाइटला आणा. दोन खुणा दिसल्या पाहिजेत: इंजिनचा आवाज जड होतो आणि बोनेटचं टोक किंचित उचललं जातं. गाडी पुढे जायला बघतेय, हँडब्रेक तिला अडवतोय. दोन्ही खुणा मिळाल्यावर पाय तिथेच ठेवून हँडब्रेक खाली. गाडी मागे न येता पुढे सरकते. सरकायला लागल्यावरही क्लच लगेच सोडायचा नाही, वर क्लचप्लेट यांनी सांगितलंय तेच.

गाडी मागे येते ती दोनच कारणांनी. एक, खुणा दिसायच्या आत हँडब्रेक सोडला. दोन, बाइट मिळाला होता पण हँडब्रेक सोडताना नकळत क्लच पुन्हा थोडा दाबला गेला. दुसरं जास्त घडतं, कारण हात आणि पाय एकाच दिशेला जायला बघतात. त्यासाठी सौम्य चढावर फक्त एवढंच करा: बाइटला आणा, बोनेट उचललेलं बघा, *हँडब्रेक न सोडता* दोन सेकंद थांबा, क्लच परत तळाशी. गाडी हलवायचीच नाही. मात्र हे ओळीने फार वेळा नको, मध्ये क्लचला विश्रांती द्या.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत सीटबेल्ट लावलेला आणि दार बंद असताना बाइट मिळाल्यावर तो आपोआप सुटतो. हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतो, मग सोडून देतो. त्या दोन सेकंदांत घाई होते आणि गाडी बंद पडते, म्हणून हँडब्रेकने शिकलेलं वाया जात नाही.

चढावर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवून थांबा. तिचा चालकही नवशिका असू शकतो.

आणि हॉर्नबद्दल. बंद पडलेली गाडी सुरू करायचा क्रम वेगळा, रिकाम्या जागी पाठ करा: ब्रेक, हँडब्रेक, क्लच तळाशी, गिअर पहिलाच आहे याची खात्री, स्टार्ट, बाइट. मुद्दाम बंद पाडा आणि सुरू करा. हॉर्न वाजल्यावर डोकं चालत नाही, हात चालले पाहिजेत. इंजिन बंद पडलं तरी ब्रेक दोन-तीन दाबांपुरता व्यवस्थित लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. उतारावर बंद पडली तर पेडल पंप करू नका, एकदाच दाबून धरा.

---

डी_मध्ये

ऑटोमॅटिकला सगळे "सोपं" म्हणतात म्हणून थोडी उलटी बाजू मांडतो. गुडघा खरंच दुखत असेल आणि सीट नीट केल्यावरही दुखत राहिला, तर ऑटोमॅटिक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. क्लच आणि बाइट हा अख्खा विषयच संपतो. मात्र अनेक देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवान्यावर मॅन्युअल चालवायची मुभा मिळत नाही. ते आधी पाहून ठरवा.

ऑटोमॅटिकमधला धोका वेगळा: ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला जाणं. हे वेगात क्वचित होतं, पार्किंगमध्ये होतं. मागे बघायला अंग वळवलं की पायही थोडा सरकतो, आणि ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर येतो. गाडी उसळली की माणूस "ब्रेक लागत नाहीये" समजून तेच पेडल आणखी जोरात दाबतो. उपाय टाचेत आहे. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर रोवलेली, अॅक्सिलरेटरसाठी फक्त चवडा वळवायचा. पाय अख्खा उचलून इकडून तिकडे ठेवायचा नाही. रिव्हर्स टाकण्याआधी एकदा ब्रेक दाबून पेडल पायाला "सापडलंय" का ते बघा. ऑटोमॅटिक डी (पुढे) किंवा आरमध्ये (मागे) ब्रेक सोडला की आपणहून सरकते. सपाट पार्किंगमध्ये तेवढा वेग पुरतो, पाय ब्रेकवरच ठेवून काम होतं. उसळलीच तर पाय *पूर्ण उचला*, मग नव्याने ब्रेक.

डावा पाय बाजूच्या टेकणीवर, कायम. मॅन्युअलची सवय असलेला डावा पाय क्लच समजून रुंद ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी थांबते, मागच्याची काय अवस्था होते ते सांगायला नको.

---

उशिराची_चालक

सगळ्यांचे आभार. सीट तर फारच मागे होती, आत्ताच बघून आले. दोन प्रश्न राहिले. सराव किती वेळ करायचा? आणि रिव्हर्समध्ये स्टिअरिंग कुठे वळवायचं याचा दर वेळी गोंधळ होतो, तिथे काही युक्ती?

---

क्लचप्लेट

रविवारी सलग तीन तास नको. आठवड्यातून तीन-चार वेळा तीस-चाळीस मिनिटं. असा विभागून केलेला सराव जास्त टिकतो, आणि पस्तीस-चाळीस मिनिटांनंतर पाय थकला की चुकाच पक्क्या होतात. एका वेळी एकच नवी गोष्ट. पायांचं काम विचार न करता व्हायला लागेपर्यंत रहदारीत जाऊ नका. मोठ्या वयात शिकणाऱ्याची खरी अडचण ही, की तो स्वतःच्या पायांवर लक्ष ठेवून असतो आणि रस्त्यासाठी लक्ष उरतच नाही. पाय मार्गी लागले की रस्त्याची समज तुम्हाला विशीतल्या मुलापेक्षा लवकर येईल. पादचारी म्हणून इतकी वर्षं तेच बघत आलात.

सर्दीची किंवा झोपेची गोळी घेतली असेल त्या दिवशी सुट्टी. काही गोळ्यांचा जडपणा दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो.

---

मधला_आरसा

रिव्हर्स: गाडीचं मागचं टोक जिकडे न्यायचं, स्टिअरिंग तिकडेच. डावीकडे न्यायचं तर डावीकडे. गोंधळ होतो कारण आपण पुढच्या टोकाचा विचार करतो, आणि पुढचं टोक उलट दिशेला झुलतं. म्हणूनच मागे बघता बघता पुढचा कोपरा शेजारच्या गाडीला घासतो. मागच्या काचेतून बघत जा, पण दर दोन-तीन सेकंदांनी पुढच्या कोपऱ्यांवर नजर टाका. वेग क्लचने धरा, रेस नको. सरळ मागे जायचा सराव आधी करा: एका वेळी हाताच्या रुंदीपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवायचं नाही, आणि परिणाम दिसेपर्यंत थांबायचं. कॅमेरा असला तरी आधी त्याच्याशिवाय. त्यात बाजूने येणारं मूल उशिरा दिसतं.

---

हँडब्रेक_वर

रहदारीत जाल तेव्हासाठी एक आकडा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर २१ मीटर तसेच गेले, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण १४. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. त्याआधी तुम्ही तिथे पोचायला नको. पावसात चार सेकंद. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून हे अंतर कमी करू नका.

एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं. पुष्कळजण घाबरून तेव्हाच पाय सैल करतात. रिकाम्या, कोरड्या जागी, मागे कुणी नाही हे बघून, प्रशिक्षक शेजारी असताना ताशी ३०-४० वरून एकदा पूर्ण जोराने दाबून बघा. मॅन्युअलमध्ये सोबत क्लचही.